दोन पट्ट्यांचा वटवट्या

‘मी बघून सांगतो ना!’ या चार शब्दांनी माझा घात केला.

त्याचं असं झालं. सासरेबुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. दुसरा डोळा आधीपासूनच नावापुरता. डॉक्टरांनी पंधरा दिवस दुर्बीण बंद सांगितली. हिने, म्हणजे त्यांच्या लेकीने, स्वतःच्या अधिकारात पाहुणेही बंद केले. (आमच्या घरात डॉक्टरांच्या वरचं कोर्ट हिचं.) सासरेबुवांचा सगळा जीव पक्ष्यांत. थंडीतली वटवट्यांची मोजदाद त्यांनी तीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. वटवट्या म्हणजे बोटभर, हिरवट-राखाडी, एका जागी न टिकणारा पक्षी. प्रकार डझनभर आणि सगळे एकाच ताग्यातून बेतल्यासारखे. यंदा मोजदाद सुरू झाली आणि सासरेबुवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवणही अर्धं टाकायला लागले.

“काहीतरी करा ना,” ही स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणाली. तिथेच मी ते चार शब्द बोललो.

बाल्कनीसमोर एक झाड आहे. मी दुर्बीण घेऊन उभा राहिलो. (पहिली दहा मिनिटं ती उलटी धरली होती. पक्षी फार लहान असतो हे ऐकून होतो, म्हणून शंका आली नाही.)

“भुवई आहे का?” आतून प्रश्न आला.

“कोणाला?”

“पक्ष्याला हो! डोळ्यावर फिकट रेघ.”

“आहे, आहे.”

“पंखावर पट्ट्या किती? एक की दोन?”

मला एक दिसली. तीही पट्टी होती की वाळकं पान, देव जाणे. “एक,” मी म्हणालो.

“मग नेहमीचाच.” खाट कुरकुरली. सासरेबुवा पुन्हा भिंतीकडे वळले होते. ती कुरकुर माझ्या थेट काळजात गेली.

“थांबा बाबा! दोन वाटतात!”

खाट परत वाजली. “दोन? नीट बघा जावईबापू.” आणि मग, आठवड्यात पहिल्यांदाच, “जरा चहा टाकायला सांगा बरं.”

झालं! आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं की, समोरच्याला जे हवं ते लिहून मोकळं व्हावं. दुसऱ्या दिवशी मी पक्ष्याची भुवई पिवळी केली. तिसऱ्या दिवशी पाय फिकट केले. सासरेबुवांनी भाजी दोनदा मागून घेतली. चौथ्या दिवशी, जरा भरात येऊन, मी त्याच्या डोक्यावर मधोमध एक रेघ ओढली.

सासरेबुवा ताडकन उठून बसले. “असा पक्षी इकडे आजवर कोणी पाहिलेला नाही! आमच्या ग्रुपला फोन लावा!”

“कशाला उगाच त्यांना त्रास...”

“अहो, हा शास्त्राचा प्रश्न आहे!”

शास्त्रापुढे हिचंही काही चालेना.

रविवारी सकाळी आमच्या बेडरूममध्ये सात माणसं, सात दुर्बिणी आणि एक तिपाई स्टँड. ग्रुपच्या सेक्रेटरी एक डेंटिस्टबाई होत्या. आज पक्षी येऊ नये म्हणून मी मनात धावा करत होतो. तो आला. रोज पानाआड लपणारा, आज अगदी पुढच्या फांदीवर येऊन बसला.

“एक पट्टी,” किडका दात दाखवावा तशा सुरात डेंटिस्टबाई म्हणाल्या. “पाय गडद. डोक्यावर रेघबीघ काही नाही. नेहमीचाच.”

सात दुर्बिणी खाली आल्या. चौदा डोळे माझ्याकडे वळले.

“बाबा, चुकलं माझं,” मी म्हणालो. “दोन पट्ट्या म्हटल्यावर तुम्ही उठून बसलात, म्हणून मग मी...”

सासरेबुवा हसायला लागले. इतके की डोळ्यावरची पट्टी हलायला लागली.

“अहो, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डोळा झाकलाय, कान नाही! याचा आवाज तीस वर्षं ऐकतोय मी.”

“मग या सगळ्यांना कशाला बोलावलंत?”

“एरवी तुमच्या बायकोने यांना दारात तरी उभं केलं असतं का?”

ही कमरेवर हात ठेवून वडिलांकडे बघत राहिली. मग खुदकन हसली आणि दहा जणांचा चहा ठेवायला गेली. सासरेबुवांची खुर्ची तिनेच बाल्कनीच्या दाराशी नेली. ते डोळे मिटून ऐकायचे, पक्ष्याचं नाव सांगायचे आणि सातही जण दुर्बिणीतून खात्री करायचे. दुपार कधी झाली कळलं नाही.

निघताना डेंटिस्टबाईंनी वही उघडली. “आजची नोंद सांगा.”

“वटवट्या, दोन,” सासरेबुवा म्हणाले.

“दोन? एकच तर होता!”

“एक झाडावर. दुसरा बाल्कनीत. मोठ्या चणीचा, सतत आवाज करणारा, डोक्यावरची पिसं विरळ.”

नोंदीखाली साक्षीदाराची सही लागते म्हणे. मी मोठ्या आशेने हिच्याकडे पाहिलं. हिने पेन मागून घेतलं आणि सही केली.