डाव्या दाराची आतली बाजू

सेतुराव कुठलीही खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय तिच्यावर बसत नसत. मी तिरुचीहून बदली होऊन कुंभकोणच्या शाळेत आलो, त्याच आठवड्यात शेजारी म्हणून त्यांना कॉफीला बोलावलं. गृहस्थ दारातून आत आले, नवी कोरी खुर्ची उचलली, तिचे चारही पाय आढ्याकडे केले आणि बुडाला बोट घासून वास घेतला. आमची ही कॉफीचा पेला हातात धरून तशीच उभी.

"वरतें पॉलिश, खालतें कच्चें लाकूड," ते म्हणाले. "दोन वर्षें. मग वाळवी."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची सरळ केली आणि स्वतः जमिनीवर मांडी घातली. दुसऱ्या वर्षी खुर्चीला वाळवी लागली, हे सांगायला मला अजूनही आवडत नाही.

आमची मराठी ही अशीच. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आली ती परत गेलीच नाही. पुण्याचा एक पाहुणा सेतुरावांचं बोलणं ऐकून मला हळूच म्हणाला, "हे बखर वाचतायत का?" मी पुण्याची मासिकं मागवून वाचतो, म्हणून थोडा सुधारलो. सेतुराव सुधारण्यातले नव्हते. घरात हे असलं मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की खणखणीत तमिळ.

तरुणपणी ते मद्रासेस घोडागाड्यांच्या कारखान्यात रंगारी होते. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, आणि सेतुराव आमच्या आळीच्या टोकाला एक शेड घालून जुन्या मोटारी नव्या करायला बसले. म्हणजे लोकांना वाटायचं नव्या करतात. लोक यायचे बाहेरच्या रंगासाठी, आणि हा माणूस आधी दाराच्या आतल्या फळ्या काढायचा, पायाखालचे तक्ते उचलायचा आणि आठ-आठ दिवस आतच दिसेनासा व्हायचा. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाणी रंग पाहत नाहीं."

एकदा सबकलेक्टरसाहेबाची नवी मोटार गावात आली. सगळा गाव भोवती गोळा झाला. सेतुराव पुढे झाले आणि गाडीचं पोट बघायला सरळ रस्त्यात आडवे पडले. साहेबाला वाटलं, म्हातारा साष्टांग नमस्कार घालतोय. त्याने मोठ्या प्रसन्नपणे मान हलवली. सेतुराव उठले, धोतर झटकलं आणि तमिळमध्ये म्हणाले, "खाली सगळं उघडं लोखंड आहे. फसवलं तुम्हाला." दुभाष्या घाबरला. त्याने भाषांतर केलं, "म्हातारा आशीर्वाद देतो आहे." साहेबाने हॅट काढली.

तर असा माणूस, आणि माझ्या मुलीचं लग्न त्याच्या हातात जाऊन पडलं.

रुक्मूची दोन स्थळं अगदी ठरता ठरता मोडली होती. एक पत्रिकेवरून, दुसरं कशावरून ते अजून कळलेलं नाही. बिचारी काही बोलायची नाही, पण विहिरीवर बायका गप्प झाल्या की लवकर घरी यायची. तिसरं स्थळ तिरुप्पनंदाळचं, आपल्यातलंच. मुलगा चांगला, फक्त त्याचा काका भारी. त्या काकाने एकच अट घातली: जानवास मोटारीतून झाला पाहिजे. आमच्याकडे तमिळ लोकांचं पाहून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाची मिरवणूक काढतात, तो जानवास. पूर्वी पालखी चालायची. आता टप उघडलेली मोटार लागते. मोटार नसेल तर आम्ही येणार नाही, असं काकाने चक्क पत्रात लिहिलं.

मी शाळामास्तर. माझ्याकडे कुठली मोटार? इन्नंबूरच्या एका जमीनदाराचा मुलगा माझा विद्यार्थी होता. त्यांची जुनी गाडी गोठ्याशेजारी पडून होती. जमीनदार म्हणाले, "दुरुस्त करून घ्या, लग्नाला वापरा, मग परत द्या." आणि दुरुस्त करणारा एकच. सेतुराव म्हणाले, "सरी, बघूं." तमिळ "सरी" म्हणजे "बरं". मुहूर्त तै महिन्यातला, म्हणजे संक्रांतीनंतरचा होता. तीन महिने हातात होते, म्हणून मी निर्धास्त झालो. काय माझी अक्कल!

पहिला महिना गाडी उघडण्यात गेला. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. डाव्या दाराची फळी काढलेली होती, आणि आत काय? सुकलेल्या झेंडूचा लगदा, अक्षता, गंधाचे खडे, लिंबाची सालं, सगळं गंजात कालवलेलं. ती मंडळी फार भाविक. दर वर्षी आयुधपूजेला गाडीला घागरी ओतून न्हाऊ घालायचे, दाराच्या फटीत फुलं खोचायचे, आणि वरून हळदीचं पाणी. खाली पाणी निघायला कारखान्याने ठेवलेली भोकंसुद्धा चंदनाने बुजवलेली होती.

"पूजेनें खाल्ली गाडी," सेतुराव म्हणाले. "उंदीर परवडले, मास्तर."

मग त्यांनी जवसाच्या तेलात शेंदूर खलायला घेतला. लोखंडाला गंज चढू नये म्हणून शेंदरासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. एक हात द्यायचा, आठवडाभर वाळवायचा, घासायचा, पुन्हा दुसरा. वर मेण. आणि आमच्याकडे कार्तिकातला पाऊस. अंगावरचा पंचा वाळत नाही तिथे शेंदूर कसला वाळतोय! एकदा त्यांनी एक दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या एका आजीबाईंनी तो शेंदूर पाहिला, मारुती समजून वर दोन जास्वंदी वाहिल्या आणि हात जोडले. सेतुराव असे धावून आले की म्हातारी वाट सोडून पळाली. "फूल ओलें असतें!" ते मागून ओरडत होते.

मी शाळा सुटली की रोज शेडवर जायचो. तेच प्रश्न, तीच उत्तरं. माझे पाय दुखायचे, डोकं दुखायचं.

"सेतुराव, बाहेरचा रंग कधी?"

"आंतला वाळला कीं."

"आतला कधी वाळणार?"

"हवा सांगेल."

उजवी बाजू त्यांनी तशी लवकर उरकली. पण डावं दार आणि त्याच्या आतल्या पायाखालचा तक्ता काही सुटेना. राळ लावली, फटींत तेलात बुडवलेला सुती दोर ठोकला, पाणी ओतून पाहिलं, एक थेंब झिरपला म्हणून सगळं उचकटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. लग्न पाच दिवसांवर आलं. गाडी बाहेरून बघावी तर अंगभर खाचा बुजवायची लांबी थापलेली, ठिगळाठिगळांची. आणि तिरुप्पनंदाळहून काकाचं पत्र: मोटारीचा रंग कोणता, ते कळवावे.

त्या दिवशी माझा तोल गेला. "आत कोण बघणार आहे हो?" मी शेडमध्ये ओरडलो. "मिरवणुकीत लोक दाराचं पोट फाडून बघणार आहेत का? पोरीचं तिसरंही स्थळ मोडायला निघालंय तुमच्या एका दारापायी! पण तुम्हाला काय त्याचं? ना बायको, ना मूल. तुम्ही बसा शेंदूर फासत!"

त्यांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडतील, आणि खरं सांगतो, भांडले असते तर बरं झालं असतं.

"मोडणार नाहीं," ते म्हणाले. "गाडी येईल. तुम्ही घरीं जा. जेवून घ्या."

घरी आलो ते शरमेने. हिला सांगितलं, तर ही एकदम चिडली. "त्यांना बायको होती. सीताक्का. आपण यायच्या दोन वर्षं आधी गेली. सगळ्या आळीला ठाऊक आहे, तुम्हालाच कसं नाही?" मी कधी विचारलंच नव्हतं. सहा वर्षं शेजारी राहून माणसाला फक्त त्याच्या वेडावरून ओळखत होतो. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो, तर ते तक्त्याखाली होते. बाहेर नुसते पाय दिसत होते. पायांची माफी काय मागायची? परत आलो.

गाडी आली. जानवासाच्या दिवशी दुपारी आली, हिरवीगार, झळझळीत. फक्त बाहेरचा रंग आदल्या दिवशीच लावलेला, त्यामुळे चिकटत होता. काका स्टेशनावरून आले तेच नाक वर करून. गाडीजवळ गेले, मडगार्डवर पंजा टेकला, म्हणाले, "हं, ठीक." पंजा उचलला तो हिरवा. सगळ्यांसमोर काय बोलणार! त्यांनी हात उपरण्यात दडवला तो संध्याकाळभर बाहेर काढलाच नाही. आणि बोट दाखवायला हातच मोकळा नसल्यामुळे त्यांना नाव ठेवायलाही काही सापडलं नाही. नादस्वरम वाजत होतं, गॅसच्या बत्त्या पुढे चालल्या होत्या, नवरदेव मधोमध बसला होता. सेतुराव गाडीच्या कडेने पंचा घेऊन चालत होते. कुणी दारावर माळ टाकली की उचलून फेकत होते. लग्न लागलं. मी तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

खरी गोष्ट त्यानंतरची. तिसऱ्या दिवशी सकाळी रुक्मू सासरी निघाली. गाडी दारात उभी होती, जावई उजवीकडे बसला होता. ही आत रडत होती, मी बाहेर उगाच सामान मोजत होतो. सेतुरावांनी डावं दार उघडलं. रुक्मूला म्हणाले, "ये पोरी, ऐसी बैस. पाय येथें ठेव. येथेंच." तिने वाकून नमस्कार केला, मग बसली. त्यांनी दार लावलं. आवाजसुद्धा झाला नाही. गाडी गेली.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो.  मी विचारलं, "सेतुराव, डाव्याच दाराला एवढा वेळ का हो लावलात?"

"बायको डावीकडे बसते ना," ते म्हणाले.

मी पानाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"नवरा तर एक संध्याकाळ मिरवला. मुलीस दूर जाणें होतें. तिरुप्पनंदाळच्या वाटेस पाटाचें पाणी रस्त्यावर येतें, तुम्हांस ठाऊक नाहीं." त्यांनी पानाला चुना लावला. "मी लग्न करून आलों तेव्हां दोन बैलगाड्या होत्या. पुढची सजवलेली, तींत मी. मागचीचा तट्ट्या फाटका, खालच्या फळ्या कुजक्या. तींत ही. वाटेंत पाणी लागलें. सगळी वाट ही पाण्यांत पाय घेऊन बसली, आणि कोणी मागें वळून पाहिलें नाहीं. मीहि नाहीं. मी कोरडा उतरलों, मास्तर. आरती मलाच आधीं केली."

"त्यांनी काही म्हटलं नाही?"

"अकरा वर्षांनीं म्हणाली. एकदांच. हसत."

तीन महिने मी जानवासाच्या चिंतेने झुरलो होतो. काका काय म्हणेल, गाव काय म्हणेल, रंग कोणता. माझी मुलगी त्या घरी कशी जाईल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. बाप मी होतो, आणि ते डोक्यात घेऊन हा माणूस तीन महिने माझ्या शिव्या खात होता. मी त्यांचा हात धरला. काय बोललो ते आठवत नाही, रडलो एवढं आठवतं. सेतुराव ओशाळून इकडे तिकडे बघत राहिले.

दिवस कलायच्या आत गाडी परत आली. जमीनदारांचा ड्रायव्हर मुनुसामी कंबरेपर्यंत चिखलाने माखला होता. म्हणाला, पाट फुटलाय, पाणी पार गाडीच्या पायरीपर्यंत चढलं होतं, इंजिन कसं चाललं देवालाच ठाऊक. सेतुरावांनी इंजिनाचं काही विचारलं नाही. ते उठले, डावं दार उघडलं, खाली वाकले आणि रुक्मूने जिथे पाय ठेवले होते तिथे तळहात टेकवून बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कोरडी गेली."