वस्तूचे माहेर

नांदेडच्या आमच्या कॉलनीतल्या स्थानिक खरेदी समितीचं पत्र येऊन पाच महिने झाले. मी उत्तर दिलं नव्हतं. ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलं. प्रश्न नीट कळल्याशिवाय उत्तर देऊ नये असं वाटतं, आणि प्रश्न नीट कळला असं कधीच वाटत नाही. पत्रात होतं : ‘घरातील वस्तूंचे माहेर कळवावे. परदेशी वस्तू जमा कराव्यात.’ ‘उत्पादनस्थळ’ हा शब्द समितीला पुरेसा मराठी वाटला नव्हता.

उत्तर न देणाऱ्यांची यादी दुकानात लागली. विनीताच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, कानातल्या मशीनचे सेल संपले तेव्हा दुकानदार रविकिरण म्हणाला, “काका, सेल हायेत, पण समितीची चिठ्ठी लागंल.”

अध्यक्ष हणमंतरावांना विचारलं.

“मशीन कुठलं, सर?”

“डेन्मार्क.”

“लई लांब. वहिनींना ऐकू येतंय का?”

“सेल नाहीत, म्हणून येत नाही.”

“मंग निकामीच हाय की. जमा करा.”

पुढे परदेशी वस्तू संपल्या. समिती रिकामी बसू नये म्हणून परराज्यावर बंदी आली, मग परजिल्ह्यावर. मुदखेडचं चालेल, लातूरची तूरडाळ चालणार नाही.

अखेर हणमंतराव स्वतः तपासणीला आले. सहा वस्तू लिहून झाल्यावर मिक्सरकडे बोट दाखवून विनीताला म्हणाले, “माहेर कुठलं?”

तिला ऐकू आलं नाही. पण बाईला हा प्रश्न ओठांवरूनही कळतो.

“निलंगा!”

दुसऱ्या दिवशी आदेश आला : ‘क्र. ७. सौ. विनीता. माहेर निलंगा, जि. लातूर. आठ दिवसांत परत पाठवावे.’

“हणमंतराव, ही चूक आहे.”

“असंल, सर. पण शिक्का बसलाय. लेखी उत्तर द्या, न्हाई तर पाठवा.”

विनीताने आदेश वाचला आणि बॅग काढली.

“जाते. तिथं भाऊ निदान मोठ्यानं बोलतो. तुम्ही तर मशीन असतानाही ऐकू येत नव्हता.”

मी कागद घेतला. तीनदा फाडला. चौथ्यांदा लिहिलं : ‘क्र. ७ जाणार नाही. कारण, मला ती हवी आहे. नियमच पाळायचा, तर अध्यक्षांच्या पत्नी केवळाबाई उदगीरच्या, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्याच, आहेत. पुरुषाला माहेरच नसल्यामुळे कॉलनीत स्थानिक माल म्हणून फक्त आपणच उरू. स्वयंपाक कोण करणार, ते समितीने कळवावे.’

कागद विनीताला दाखवला. तिने ‘हवी आहे’ पुन्हा वाचलं आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

पत्र आज पोस्टात टाकलं. एक प्रत, वाचकहो, तुमच्याही पत्त्यावर टाकली आहे. पाकिटावर नाव मात्र तुमच्या घरातल्या क्रमांक सातचं घातलंय.