जमादारमामांचे शेंगोळे

थंडीत जमादारमामांनी अंगणात चूल मांडली की आमच्या आळीतले पुरुष वाट्या घेऊन बाहेर कुडकुडत उभे राहायचे आणि आम्ही बायका आत पाटांवर बसून जेवायचो. खोटं वाटतंय ना? मी लग्न होऊन नाशकात आले त्या पहिल्याच थंडीत हे पाहिलं, तेव्हा मलाही वाटलं की म्हाताऱ्याला वेड लागलंय.

मामा पोलिसातले निवृत्त जमादार. मिशा झुबकेदार, आवाज असा की गोदेच्या पलीकडचं कुत्रं गप्प बसावं. घरात एकटे. बायको मी यायच्या आधीच गेलेली, पोरबाळ नाही. एरवी कुणाशी बोलणं नाही, पण नदीवरचं गार वारं सुटलं की भद्रकालीच्या बाजारातून हुलगे आणायचे, दळायचे, लसूण-मिरची वाटून पीठ मळायचे आणि तेलाच्या हाताने एकेक कडं वळत बसायचे. मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात ती कडी सोडायचे. रस दाट होऊ लागला की साऱ्या आळीच्या तोंडाला पाणी.

"बाया आधी! हुकूम म्हणजे हुकूम!"

माझ्या सासूबाई पहिल्यांदा लाजून लाजून अर्ध्या झाल्या. "अगं बाई, धनी बाहेर उपाशी आणि मी गिळू?" मामा पळी उगारून म्हणाले, "वहिनी, धन्याला काय धाड भरलीय? बसा!" सासूबाई बसल्या. मग रस ओरपून, भाकरी चुरून, हळूच वाटी पुढे केली ती केलीच. बाहेरून सासरे, आमचे मामंजी, खाकरत होते, पण आत कोण ऐकतंय!

एकदा मामंजींनी तोंड उघडलंच. "जमादार, बायका आधी जेवायला लागल्या तर जग बुडेल."

"बुडू द्या. भरल्या पोटी बुडेल."

मामंजी पुटपुटत राहिले, पण वाटी घेऊन घरी काही गेले नाहीत. शेंगोळ्यांपुढे मानपान कसला!

मामा आम्हाला वाढून शेजारीच उभे राहायचे आणि आमची तोंडं न्याहाळायचे. "पुरे" म्हटलेलं चालत नसे. मला त्याचा फार राग यायचा. शेवटी एकदा सगळे गेल्यावर पातेलं घासता घासता मी विचारलंच, "मामा, घास घेताना असं काय बघता हो? माणसाला ठसका लागतो."

मामा चुलीतली लाकडं ओढत होते. ओढता ओढताच म्हणाले, "सूनबाई, असे शेंगोळे माझी बायको करायची. तारीफ करावीशी लय वाटायची. पण माझे म्हातारे आई-बाप समोर बसलेले, त्यांच्यासमोर बायकोला चांगलं कसं म्हणायचं? म्हणून मी मागून मागून खायचो. पातेलं पुसून काढायचो. म्हटलं, तिला कळंल."

"कळलं असेलच की."

"ती गेली त्या थंडीत मी पहिल्यांदा हातानं केले. पोलीस लाइनीतले शिपाई बोलावले. वाढता वाढता पातेलं खाली. माझ्या हातात नुसती भाकरी. तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. आमच्या घरात ती शेवटची जेवायची, सूनबाई. सारा संसार मी पातेलं पुसत राहिलो, तिच्या ताटात काय पडतं ते कधी वळून बघितलं नाही."

मला वाईट वाटलं आणि संतापही आला. तिच्या जिवंतपणी एक वाटी बाजूला काढून ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण पांढऱ्या मिशांच्या त्या माणसाला हे कसं म्हणायचं? मी आपलं समजुतीचं बोलले, "मामा, आम्ही बायका करता करता चाखतोच हो."

"ती नाय चाखायची. उष्टं होतं म्हणायची."

चूल विझत आली होती. मामांनी मिशांवरून हात फिरवला आणि जिने त्यांच्या बायकोला कधी पाहिलंही नव्हतं, त्या मला विचारलं,

"शेंगोळे तिला आवडत तरी होते का गं?"