एकमेव कोटाची मिलान-स्वारी

श्री. खरेदीविघ्नहर्त्याचे चरणी मस्तक ठेवून दुखऱ्या पायांचा सेवक लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, इंदुवासरे, राणीसाहेब कुमुदिनीबाई यांची स्वारी इटली मुलखी मिलान शहरी कालव्याकाठच्या पेठेत दाखल जाहली, आणि छत्री, पिशव्या व पाण्याची बाटली घेऊन सेवक मागे होता. स्वारीचे कारण ऐसे की, गतसाली दौलतीतील एका लग्नात राणीसाहेब आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई शरयूबाई या उभयतांनी एकाच मॉलातला एकाच रंगाचा अंगरखा परिधान केला, आणि छायाचित्रकार सर्वांदेखत "जोडी छान आहे, जवळ जवळ उभ्या राहा" ऐसे वदला, ते राणीसाहेबांचे वर्मी लागले. तेव्हांच पण केला की, भाच्याच्या साखरपुड्यास ऐसे वस्त्र लेईन जे भूमंडळी दुसरे नाही. या पेठेचा लौकिक ऐसा की, येथील कारागीर स्वतः कापतात, स्वतः शिवतात आणि एका नमुन्याचे दुसरे करीत नाहीत. रात्री परतीचे विमान आणि हाती एकच दिवस.

सकाळी नवास पोहोचलो तो सर्व दारे बंद. मग कॉफीवाल्यास पुसले, तो म्हणाला, "सोमवार आहे बाईसाहेब. दुपारी तीनला बघा. साडेतीनच म्हणा." मग साडेसहा घटका नव्हे, साडेसहा तास कालव्याच्या कठड्यावर मुक्काम पडला आणि सेवकाचे पाय पहिल्यांदा बोलू लागले. पुढे दुकाने उघडली, तो पहिल्यात चार पांढऱ्या भिंती आणि मध्ये एकच सदरा टांगलेला, आणि तो विकावयाचा की दर्शनाचा हे मालकासही सांगता येईना. दुसऱ्यात सर्व मापे काडीपैलवानांची. तिसऱ्यात हौसेने माप घेतले, राणीसाहेब प्रसन्न जाहल्या, आणि मग कळले की वस्त्र सहा आठवड्यांनी मिळेल. सेवकाने अर्ज केला की, विमानतळावरही ओढण्या मिळतात. राणीसाहेबांनी डोळे वटारले, आणि सेवकाने पिशव्या सावरून पुढची गल्ली धरली.

चवथ्या दुकानी ओर्नेला नामे शिवणकारीण, बोटांस खडू लागलेला, आणि भिंतीवर एक पातळ कोट: हळदी रंग, गळा एका अंगास झुकता, पाठीवर निळ्या दोऱ्याची तिरपी शिवण. फोनातील दुभाष्याकरवी ओर्नेला म्हणाली, "हा एकच. नमुन्याचा कागद मी फाडून टाकला." राणीसाहेबांनी घराण्याच्या रीतीप्रमाणे कोट तत्काळ उलटा केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, मार्जिन कुठाय? शिवणीत दोन बोटं तरी ठेवायची की!" ती पुसती जाहली, "कशाला?" "कशाला म्हणजे? माणूस वाढतं!" ओर्नेला हसली आणि तिने कोट राणीसाहेबांच्या अंगावर चढविला, आणि तो ऐसा बसला की सेवकास पायांचा विसर पडला. खरे लिहितो, फारच शोभत होत्या.

येथे तरी मोहीम संपावी! परंतु चार जणांस पुसल्याविना घेतलेले वस्त्र अंगी लागत नाही, ऐसी या कुळाची चाल. हुकूम जाहला, "अहो, फोटो काढा. पुढून, मागून, बाजूनं." मग ते सर्व फोटो कुळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपावर "घेऊ का?" ऐसा प्रश्न लिहून रवाना केले, आणि आत्याबाई, मामेसासरे, ज्यांस कोणी पुसले नव्हते तेही, मसलतीस बसले. शरयूबाईंचा खलिता सर्वांआधी आला, "मस्तच ताई! पाठीची शिवण जरा जवळून पाठवा ना." राणीसाहेब सुखावल्या, तीही पाठविली आणि कोट खरीदला. सेवकाच्या मनी काही खटकले होते, पण पाय ठणकत होते, म्हणून गप्प राहिला. तीच घोडचूक.

साखरपुडा बाराव्या दिवशी. तोवर परतल्याच्या आनंदात घरोघरी आमरस जाहला, तेणेकरून कोटाची गुंडी लागेना आणि सोडावयास मार्जिन नाही. तरी राणीसाहेब श्वास आवरून मांडवात उभ्या राहिल्या. इतक्यात शरयूबाई आल्या. हळदी रंग, झुकता गळा, निळी तिरपी शिवण. "ताई, आमच्या टेलरनं फोटो बघून दोन दिवसांत शिवला! आणि मार्जिन ठेवलंय हं, दोन बोटं." छायाचित्रकार तोच होता. तो तेच वदला. राणीसाहेब जवळ उभ्या राहिल्या, हसल्या, आणि फोटो होताच सेवकाच्या कानी लागून म्हणाल्या, "अहो, त्या टेलरचा नंबर घ्या."

एवंच, भूमंडळी एकमेव जो कोट, त्याचे दौलतीत तूर्त दोन असून तिसरा शिवावयास टाकिला आहे. सेवकाचे पाय अद्यापि दुखतात.