आमच्या खुर्चीचा कौल

दिवा उजेडासाठी लावायचा असतो, हा मानवजातीचा फार जुना गैरसमज आहे. दिवा लावायचा असतो फर्निचरसाठी! योग्य झोत पडला नाही, तर सागवानी खुर्ची आणि बंबातलं लाकूड यांत फरक तो काय?

हा सिद्धांत मी जेवताना मांडला, तेव्हा माझी बायको सोजर म्हणाली, "न्हाणीतला बल्ब महिनाभर गेलाय. तिथं आधी सोफा ठेवू का?"

थोर विचारांना घरातून असाच पाठिंबा मिळतो!

तरी मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या माझ्या आरामखुर्चीच्या बरोबर डोक्यावर पिवळ्या झोताचा दिवा बसवून घेतलाच. साधा नाही, सेन्सरचा! समोर कुणी हललं की लागतो, सगळं शांत झालं की थोड्या वेळानं विझतो. खुर्चीवर नवी कोरी चादर घडी करून ठेवली. झोत पडल्यावर खुर्ची अशी काही दिसायला लागली, की मलाच तिच्यावर बसायचा धीर होईना.

त्याच दिवशी मंद्रूपहून पाहुणे येणार होते. आमची ऋतुजा आणि त्यांचा मल्लिनाथ एकाच बँकेत. दोघांचं कधीच जमलेलं. अडलं होतं ते मल्लिनाथच्या आईपाशी, शिवबाईंपाशी.

"बाबा, त्या म्हैस घेतानासुद्धा देवाचा कौल घेतात," ऋतुजा म्हणाली. "आज काही वेडंवाकडं झालं ना, तर संपलं सगळं. तुम्ही कमी बोला."

"मी बोलतच नाही. खुर्चीच बोलेल!"

दिवेलागणीला बेल वाजली. पुढं शिवबाई, मागं त्यांचे यजमान सिद्धलिंगप्पा आणि शेवटी कडक इस्त्रीतला मल्लिनाथ. शिवबाईंनी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातली खुर्ची आपोआप उजळली! आता कौतुक होणार म्हणून मी छाती पुढं काढली.

शिवबाईंनी पदर डोक्यावर घेतला. हात जोडले.

"अवं, बघत काय ऱ्हायलाय? पाया पडा की! गादी हाय!"

सिद्धलिंगप्पांनी तर लोटांगणच घातलं. फरशीवरूनच त्यांनी विचारलं, "कंच्या महाराजांची म्हनायची?"

मी तोंड उघडलं. सोजरनं मागून असा चिमटा काढला, की बाहेर फक्त "आं!" आलं.

"नाव घेत नसत्यात, कळंना का तुमाला?" शिवबाईंनीच नवऱ्याला दटावलं. "लई जागृत हाय. बरं झालं, हितंच कौल घिऊ." त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "महाराज, ही पोरगी आमच्या घरची सून व्हनार आसंल, तर उजेड ऱ्हाऊ द्या!"

सगळे हात जोडून, खुर्चीकडं टक लावून उभे. कुणाची पापणी लवेना. आणि माझ्या एकदम लक्षात आलं. कुणीच हलत नाही! सेन्सर!

टप्! दिवा विझला.

"न्हाय म्हनले," शिवबाईंनी जोडलेले हात सोडले. "चला माघारी."

स्वयंपाकघराच्या दारात ऋतुजा पांढरीफटक. लेकीसाठी बाप काय करत नाही? मी दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारायला लागलो! दिवा लख्खकन लागला.

"अगं बया! यांच्या अंगात आलं की!"

सिद्धलिंगप्पांनी दुसरं लोटांगण घातलं, या खेपेला मला. "बोला महाराज, बोला!"

काय बोलणार? वय सदुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे! पण थांबलो की दिवा जाणार. मी घुमत राहिलो. "लग्न... हूं... करा! हूं!"

तेवढ्यात सोजर कुंकवाचा करंडा घेऊन आली. अगदी गंभीर चेहऱ्यानं माझ्या कपाळभर कुंकू फासून तिनं हात जोडले. "महाराज, न्हाणीतला बल्ब कधी बदलायचा?"

"उ... उद्या! हूं!"

मग मल्लिनाथ पाया पडायला वाकला आणि हळूच पुटपुटला, "काका, त्याचा टायमर वाढवून घ्या. तोवर मी पाय हलवत राहतो. तुम्ही बसा."

तो पाय हलवत राहिला, दिवा जळत राहिला. असा जावई शोधून सापडायचा नाही!

"मिळाला कौल!" शिवबाईंनी डोळे पुसले. "पर आदी न्हाय का म्हनले आसतील?"

"महाराज आधी परीक्षा बघतात," सोजर म्हणाली आणि पोहे आणायला आत गेली.

साखरपुडा झाला, तारीख धरली. पोरीचं भलं झालं, आता खरं सांगणार कोण? शिवबाईंनी मंद्रूपच्या बाजारात ही बातमी अशी पसरवली, की हल्ली बाजारच्या दिवशी आमच्या जिन्यात चपलांचा ढीग असतो. खुर्ची अप्रतिम दिसते. मी तिच्यासमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पेपर वाचतो.

तेव्हा वाचकहो, दर्शनाला अवश्य या. फक्त नारळ आणणार असाल, तर तेवढा सोलून आणा.