दोन किलो चारशे ग्रॅमची होडी

खोक्यावरचा 'वजन बावीस किलो' हा मजकूर वाचला आणि क्षमाच्या हातातली कात्री तशीच थांबली.

"ही माझी होडी न्हाई," ती म्हणाली.

"तुझीच हाय की," तिचा नवरा राजपाल खुशीत म्हणाला. "तू मागवलेली मी बदलून टाकली. त्याच पैशात नऊपट माल!"

राजपाल ढोकीला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. अठरा वर्षं उसाच्या गाड्या तोलून, जास्त भरतं ते चांगलं, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. क्षमा हायस्कुलात भूगोल शिकवायची आणि दर रविवारी पाठीला सॅक लावून नदीच्या कडेकडेनं चालायची. धरणाचं पाणी आडवं आलं की तिचं चालणं तिथंच संपायचं. पलीकडचा डोंगर अगदी समोर दिसायचा, पण वळसा अकरा किलोमीटरचा. म्हणून तिला पॅकराफ्ट हवी होती; सॅकमध्ये घडी घालून न्यायची, पाणी आलं की फुगवून बसायचं आणि पार झालं की पुन्हा पाठीवर टाकायची, अशी होडी.

तीन महिने ती शोधत होती. एक किलोभराची मिळत होती, पण तिचा तळ आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांपुढं टिकला नसता. एक चार किलोची होती, पण ती घेतली तर तंबू घरी ठेवावा लागला असता. शेवटी दुहेरी तळाची, वल्ह्याचे चार तुकडे होणारी, पंपाऐवजी नुसत्या पिशवीनं हवा भरता येणारी एक सापडली. दोन किलो चारशे ग्रॅम. ती तिनं राजपालच्या फोनवरून मागवली, तिथंच चुकलं.

"ह्यात बसायला लाकडी फळ्या हायत," राजपाल सांगत होता. "पायानं दाबायचा पंप हाय. वल्ही तर दोन हायत, दोन!"

"मला ती पाठीवर न्यायची हाय! चालत! परत करा."

"परत घेत न्हाईत. जड मालाला परतीची सोय न्हाई म्हणत्यात."

ओसरीवरून सासऱ्यांनी, श्रीपतीमामांनी, आपलं मत दिलं. "सूनबाई, वस्तू कशी हातात भरली पायजे. हलकं ते काय कामाचं न्हाय."

मामांवर ओरडता येत नव्हतं. म्हणून त्यांच्या वाटणीचंही राजपाललाच मिळालं.

"उद्या रविवार," क्षमा म्हणाली. "ही होडी तुम्ही पाठीवर घ्यायची अन् धरणापर्यंत चालायचं. सात किलोमीटर. मोटरसायकल न्हाई, काही न्हाई."

"त्यात काय एवढं!"

पहिला किलोमीटर राजपाल बोलत चालला. दुसऱ्या किलोमीटरला तो गप्प झाला. तिसऱ्याला उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. "काटेवाले साहेब, टाका की ते मागं!" ड्रायव्हर म्हणाला. राजपालनं आशेनं क्षमाकडं पाहिलं. क्षमानं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

क्षमा एवढी चिडली होती की त्यानंतर तिनं मागं वळूनच बघितलं नाही. "नऊपट माल म्हणं!" असं मधूनच ती समोरच्या रस्त्याला सुनवायची आणि आणखी भराभर चालायची. धरणावर ती पोचली, त्यानंतर वीस मिनिटांनी राजपाल आला. चेहरा टवटवीत, चाल झोकात.

"बघ! आलो का न्हाई?"

त्यानं पाठीवरचं ओझं उतरवलं. क्षमानं उलगडून पाहिलं. आत नुसतं रबर होतं.

"फळ्या कुठं गेल्या?"

"दगडोबाच्या गोठ्यात ठेवल्या. शेळ्यांखाली लई चिखल झाला व्हता, त्याला बरं पडलं."

"वल्ही?"

"सरुआत्याकडं. वाटंतच घर हाय."

"अन् पंप?"

राजपालनं पाण्याकडं पाहिलं. "पंप लई जड व्हता गं. आता ही बघ, अकरा किलोच्या आत आली. माझा अंदाज चुकत न्हाई."

"हवा कशानं भरायची? तुमच्या अंदाजानं?"

राजपालनं तोंडानं भरायला सुरुवात केली. पाऊण तास तो फुंकत होता. तो लालभडक झाला, पण होडी मात्र जमिनीवरून उठेना. तेवढ्यात समोरून बंडप्पा मासेमार आला. दोन थर्माकोलचे तुकडे दोरीनं बांधून त्यावर मांडी घातलेली, हातात एक फळकूट. काठाशी येऊन त्यानं तो तराफा एका हातानं उचलला आणि काखेत मारला.

क्षमाला त्या थर्माकोलकडं बघवेना.

"काय खोळंबा झालाय, बाई? पलीकडं सोडू का?" बंडप्पानं विचारलं. "पण माझ्यासंगं एकच माणूस बसंल हं."

"एकच जायचंय," क्षमा म्हणाली आणि सॅक मांडीवर घेऊन बसली.

दिवसभर ती एकटी डोंगर फिरली. संध्याकाळी बंडप्पानं तिला परत आणून सोडलं, तेव्हा राजपाल त्याच जागी, रिकाम्या रबरावर बसला होता. त्यानं फोन पुढं केला. दुहेरी तळाची, दोन किलो चारशे ग्रॅमची होडी. मागवलेली. घरी जाताना मात्र क्षमा त्याच्या बरोबरीनं चालली.

शनिवारी शाळेतून ती आली तर मामा दारातच उभे. चेहऱ्यावर मोठं समाधान.

"सूनबाई, आज तुमची फसगत व्हता व्हता वाचवली. कुरिअरवाला आलता. म्हणला, होडी हाय. म्या डबा हातात घेतला, तर निस्ता फुलासारखा! म्हणलं, आमाला अडाणी समजलास व्हय रं? ह्यात होडी मावती? दिला परत. सही सुद्धा केली न्हाय."

क्षमानं तोंड उघडलं. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि ते शाबासकीची वाट बघत होते.

"बरं केलंत, मामा," ती म्हणाली.

तिचा हा थंड आवाज ऐकून रात्रपाळी करून आत झोपलेला राजपाल ताडकन उठला. बाहेर येऊन त्यानं एकदा वडिलांकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि कुरिअरवाल्याला गाठायला अनवाणीच स्टँडच्या दिशेनं पळत सुटला.

"ह्याला काय झालं?" मामांनी विचारलं.

"चहात साखर किती टाकू?" क्षमानं विचारलं, आणि आत जाऊन पातेलं असं आदळलं की चौथ्या घरातली माणसं बाहेर आली.