दिवाणजींवर सावली पडली त्याची हकीकत

॥ श्री ॥ उजेड आणि अंधार ज्याचे घरी सारखेच नांदतात त्या देवास नमस्कार करून लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. हकीकत ऐसीजे. ते राज्यी हुजूरची मानकऱ्यांसह तसबीर दर पंधरवड्यास चव्हाट्यावर लावीत, आणि रयत त्यावरून दरबारचा वारा ओळखी: उजेडात दिसला तो मर्जीतला, सावलीत दिसला तो गेलाच. तसबिरी संगणकावर दुरुस्त करणेचे काम रायाजी चित्रे याजकडे होते. माणूस कसबी, परंतु काळीज सशाचे.

ते दिवशी हुजूर आणि दिवाण नरसोपंत नव्या पुलावर उभे राहिले, सूर्य पाठीशी, म्हणोन उभयतांची मुखे काळवंडून आली. आज्ञा जाहली की, दोन प्रहरांचे आत हुजूरचे मुख उजळावे. रायाजीस दरदरून घाम सुटला, कारण मागील कारागीर तसबिरीत हुजूरची मिशी फिकट आली एवढ्यापायी डोंगरी ठाण्यावर रवाना जाहला होता, तो परतला नाही. मग त्याने एक्स्पोजर, म्हणजे तसबिरीचा उजेड, चढविले, तो मुख उजळले आणि आभाळ पांढरेफटक होऊन राज्याचे निशाण त्यात विरून गेले. निशाण गेले म्हणजे मान गेली, हे जाणोन त्याने ते झटकन पूर्ववत केले, आणि मग लासो, म्हणजे निवडीचा फास, टाकून हुजूरचे मुख तेवढेच वेढिले, आणि त्या वेढ्यापुरते एक्स्पोजर चढविले, तो भोवती कातरून चिकटविल्यासारखी कड दिसो लागली, म्हणोन कड मऊ केली, आणि मुख साजिरे जाहले. येथे थांबता तर निभावते. परंतु गुरूची शिकवण अशी की, मुख उठावे तर बाकीचे किंचित उतरवावे. सबब त्याने निवड उलटी करून, म्हणजे हुजूरचे मुख वगळून, बाकीचे सर्व एक पायरी उतरविले, आणि त्या बाकीच्यांत नरसोपंतही आहेत हे भयाचे भरात ध्यानी आले नाही.

तिसरे प्रहरी तसबीर लागली. नरसोपंतांनी आपले काळे तोंड पाहिले, कोणास काही न पुसता घरी गेले, आणि दिवेलागणीपूर्वी कबिल्यासह सीमेपार जाहले. हुजूर म्हणाले की, पळाला तो चोर. मग रायाजीस बोलावणे आले. तो गेला, आणि चूक पदरात घेऊन क्षमा मागावी म्हणोन तोंड उघडणार, तो हुजूर हळूच वदले, "दिवाण फितूर, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. तुम्हांस कैसे कळले?"

धरले तर चावते, सोडले तर पळते, ऐसे जाहले. भला माणूस नाहक देशोधडीस लागला याचे रायाजीस फार वाईट वाटले, परंतु स्वतःची मान त्याहून प्यारी.

"मुखावरून कळते, हुजूर," तो म्हणाला.

हुजूर प्रसन्न जाहले आणि शालजोडी दिली, आणि मग अवघ्या दरबाराची तसबीर संगणकावर आणवून, आणखी कोण फितूर ते येथेच बसून दाखवा, म्हणाले. चाळीस मुखे होती. शेवटल्या ओळीत, खांबाचे सावलीस, रायाजी स्वतः उभा होता. त्याने पहिला वेढा आपल्याच मुखास घातला, कड मऊ केली, आणि उजेड चढविला.

"आणि बाकीचे?" हुजूरांनी पुसले. रायाजीने निवड उलटी केली.

सारांश, त्या महिन्यात सात मानकरी गेले आणि रायाजी दिवाण जाहला. तसबिरीचे कामी नवा माणूस नेमिला. तेव्हापासून तसबीर लागावयाचे दिवशी रायाजी सर्वांआधी चव्हाट्यावर जाऊन उभा राही. कबिला त्याने अगोदरच सीमेपार धाडिला होता. इति.